नांगरचुकार

आमच्या वडिलांनी मला उभ्या आयुष्यात एकच पदवी दिली. ती म्हणजे ‘नांगरचुकार’! पुढे तंत्रनिकेतनाची पदविका मिळाली, कारखान्यात हुद्दा मिळाला, निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळही मिळाले. पण गावी गेलो की पारावर बसलेली म्हातारी मंडळी नव्या माणसाला माझी ओळख करून देत ती या पदवीनेच. “हा आबांचा थोरला. नांगरचुकार.” कामचुकार या शब्दावरून आबांनी तो घडवला होता. कोशात तो सापडायचा नाही. आबांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण एकदा घडवलेला शब्द चलनात कसा आणावा हे त्यांना चांगले ठाऊक होते.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात. बारा एकर जमीन, सगळी कोरडवाहू. वयाच्या चौदाव्या वर्षी नांगराच्या रुमण्याला हात घालायची माझी पाळी आली, तेव्हा मी गुरुजींच्या घरी भूमितीची प्रमेये सोडवायला जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आबा गुरुजींच्या दारात आले, मला काही बोलले नाहीत, गुरुजींनाच म्हणाले, “गुरुजी, ह्यो नांगरचुकार तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. माझा धाकटा हाय.” आणि खरोखरच धाकट्याने नांगर धरला. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

ही सगळी जुनी कथा आज सांगण्याचे कारण एक जर्मन आडनाव आहे. वाचक म्हणतील, माण तालुका कुठे आणि जर्मनी कुठे! मलाही तसेच वाटले होते.

१९७२ साली कारखान्याने मला दीड वर्षाच्या शिक्षणासाठी जर्मनीत पाठवले. गाव होते कासेल. ज्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस फिरकला नाही, त्याच वर्षी मी अशा मुलखात जाऊन पडलो की जिथे छत्रीवाचून घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. एका विधवा बाईंच्या घरी मला खोली मिळाली. साठी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या आणि बोलायला मोकळ्या. त्यांचे आडनाव म्यूलर. म्हणजे गिरणीवाले. जर्मनीत याहून सामान्य आडनाव नाही. आपल्याकडे जाधव-पाटील म्हणावे तसे. किंबहुना त्याहूनही अधिक. लोकमान्यांच्या सुटकेसाठी १८९८ साली ज्याने विलायत सरकारकडे रदबदली केली, तो पंडित मॅक्स म्यूलर याच आडनावाचा. नुसते म्यूलर म्हटले तर कोण ओळखणार, म्हणून त्या थोर पंडिताने आपल्या पाळण्यातल्या नावातले ‘मॅक्स’ आडनावाला कायमचे जोडून टाकले. आपल्या जुन्या शास्त्रीमंडळींनी तर त्याला थेट ‘मोक्षमुल्लर’ करून मोकळे केले!

एका रविवारी या म्यूलरबाई मला ग्रिम बंधूंच्या संग्रहालयात घेऊन गेल्या. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे दोघे भाऊ कासेलमध्ये बरीच वर्षे राहिले आणि त्यांच्या परीकथांचा पहिला भाग १८१२ साली बाहेर पडला. शंभर वर्षे झोपलेली राजकन्या आणि लाल टोपीवाली मुलगी आपल्याही मुलांना ठाऊक आहेत. या कथा कुणाकुणाकडून ऐकल्या ते तिथे लिहिले होते. त्यात एक आडनाव मला वाचता येईना. हासेनप्फ्लूग. मी आपला ‘हासेनफ्लूग’ म्हणालो.

बाई हसल्या. “फ्लूग म्हणजे उड्डाण. तुम्ही विमानातून आलात म्हणून तुम्हांला तेच दिसते! हे प्फ्लूग आहे. प्फ्लूग म्हणजे नांगर.”

“आणि हासेन?”

“द्वेष करणे. ‘हासे देन प्फ्लूग’, नांगराचा द्वेष कर. बोलताबोलता त्याचे हासेनप्फ्लूग झाले. नांगर ज्याच्या डोळ्यांसमोर नको असतो, असा माणूस.”

मी मोठ्याने हसलो. सोबतची चारदोन माणसे वळून पाहू लागली, इतक्या मोठ्याने. मग एकाएकी माझे हसू थांबले. सातासमुद्रापलीकडे, काचेच्या पेटीवर, छापील अक्षरांत आबांची पदवी लावून ठेवलेली होती.

त्या दिवसापासून मला त्या आडनावाचे वेडच लागले म्हणा ना. संध्याकाळी कारखान्यातून सुटलो की वाचनालयात जाऊन बसायचे. जर्मन तोडकीमोडकी येत होती. पण आडनावांचे कोश वाचायला व्याकरण फारसे लागत नाही. हान्स बालोव या विद्वानाचा जर्मन नावांचा कोश १९६७ साली निघाला होता. तो चाळताना मला एकेक गंमत कळत गेली.

जर्मन आडनावांची घडण आपल्या आडनावांहून फारशी वेगळी नाही. बाराव्या शतकापासून राइन नदीकाठच्या आणि दक्षिणेकडच्या शहरांत ती रुजू लागली. गावात चार हान्स झाले की त्यांना ओळखायचे कसे? मग कुणी बापाच्या नावाने ओळखला गेला, तो पेटर्सन. कुणी धंद्याने, तो श्मिट म्हणजे लोहार आणि वेबर म्हणजे कोष्टी. कुणी राहत्या जागेवरून. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला १८६३ साली मुंबईस आलेल्या डॉ. ब्यूलर यांचे आडनाव मराठीत आणायचे तर ‘डोंगरे’ किंवा ‘टेकाडे’ होईल, कारण ‘ब्यूल’ म्हणजे टेकडी. कुणी गावावरून. आपल्या खंडोबाचा आणि धनगरांचा अभ्यास करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते गुंथर सोंटहाइमर म्हणजे आपले सरळसरळ ‘सोंटहाइमकर’. आपला ‘कर’ तो त्यांचा ‘अर’!

आणि पाचवा वर्ग टोपणनावांचा. त्यातही एक अगदी चटकदार जात आहे. या जातीत आडनाव म्हणजे नुसता शब्द नव्हे, तर एक अख्खे वाक्य असते. तेही बहुधा आज्ञार्थी. हेबनश्ट्राइट, म्हणजे भांडण उकर. श्लुकेबीअर, म्हणजे बीअर ढोस. त्सुकश्वेर्ट, म्हणजे तलवार उपस. कीझवेटर, म्हणजे हवा पारख. हा सदा आकाशाकडे डोळे लावून बसणारा माणूस असावा. शेक्सपिअर हे इंग्रजी आडनावही याच घाटाचे, भाला हलव. आपल्याकडे वाघमारे आहेत, ते या सर्वांचे नात्याने भाऊ लागतात. अशी नावे पुष्कळदा कारागिरांच्या आळीत जन्मत. उमेदवारी संपवून पोरगा कारागीर झाला की सोबती त्याची थट्टामस्करी करून त्याला नवे नाव चिकटवीत. शेतकऱ्याचा पोर नांगर टाकून शहरात लोहाराच्या भात्यापाशी येऊन बसला, तर त्याला दुसरे काय म्हणणार? ‘नांगराचा द्वेष कर!’ थट्टा त्याच्यापुरती होती. पण पुढे चोपडीत नाव चढले आणि नातवंडा-पतवंडांच्या माथी ते कायमचे बसले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. तो कोण कुठला मध्ययुगातला पोरगा! त्यालाही धाकटा भाऊ होता का? असला तर त्याचे वय काय होते?

म्यूलरबाईंना माझे हे वेड कळले होते. एके दिवशी त्या मला टपालकचेरीत घेऊन गेल्या. तिथे टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या टांगून ठेवलेल्या असत. कासेलची डिरेक्टरी त्यांनी उघडली. हासेनप्फ्लूग मंडळी एका पानाच्या कोपऱ्यात बसली होती. मग त्यांनी म्यूलरांची पाने उलटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... रकान्यांमागून रकाने.

“मला लहानपणी वाटे,” त्या म्हणाल्या, “आपले आडनाव छानदार, दुर्मिळ असावे. लग्न झाले तर तेही म्यूलराशीच! मग १९४४ साली माझा नवरा रशियात बेपत्ता झाला. युद्ध संपल्यावर रेडक्रॉसने बेपत्ता माणसांच्या फोटोंचे ग्रंथ छापले. दहा लाखांहून अधिक माणसे त्यांत होती. मी म्यूलर उघडले. त्याच नावाचे, त्याच आडनावाचे किती निघाले म्हणून सांगू! नाव पाहून उपयोग नव्हता. एकेक तोंड पाहत जावे लागले.”

“सापडले का?” मी भीतभीतच विचारले.

“फोटो सापडला. तो मीच पाठवला होता.”

एवढे बोलून त्यांनी डिरेक्टरी मिटली. आडनाव दुर्मिळ की सर्रास, हा मी तोवर गमतीचा विषय समजत होतो. त्या दिवसानंतर तसे वाटले नाही.

ज्यांच्यामुळे हे सारे सुरू झाले, त्या कासेलच्या हासेनप्फ्लूग घराण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. मारी, जानेट आणि आमाली या तिघी बहिणी ग्रिम बंधूंच्या मैत्रिणी. थोरली मारी १७८८ सालची. आई धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून आलेल्या घराण्यातली. त्यामुळे कथांतून फ्रेंच वळण डोकावते यात नवल नाही. जगाची समजूत अशी की ग्रिम बंधूंनी खेड्यापाड्यांत हिंडून, नांगरामागच्या माणसांच्या तोंडून या कथा गोळा केल्या. प्रत्यक्षात पुष्कळशा कथा शहरातल्या सुशिक्षित दिवाणखान्यांतून आल्या. आणि सांगणाऱ्यांचे आडनाव होते ‘नांगराचा द्वेष कर’!

यातही नावाने एक घोटाळा केला. विल्हेल्म ग्रिमने आपल्या प्रतीच्या समासात ‘मारीकडून’ एवढेच टिपून ठेवले होते. आडनाव लिहिलेच नाही. पुढे त्याच्या मुलाने सांगितले की ही मारी म्हणजे आपल्या आजोळच्या घरातली म्हातारी मोलकरीण. साऱ्या जगाने ते खरे धरले. मी कासेलला असताना त्या म्हातारीचाच बोलबाला होता. १९७५ साली हाइन्झ रोलेके या संशोधकाने दाखवून दिले की ती म्हातारी नव्हे, ही तर तरुण मारी हासेनप्फ्लूग! मारी नावाच्या बायका जर्मनीत पैशाला पासरी. तिचे ते चमत्कारिक आडनाव सोबत लिहिले असते, तर बिचारीच्या कथांचे श्रेय इतकी वर्षे दुसरीच्या नावावर राहिले नसते.

या बहिणींचा भाऊ लुडविग. त्याने १८२२ साली ग्रिम बंधूंच्या एकुलत्या एका बहिणीशी, लॉटेशी लग्न केले. पुढे तो हेस संस्थानचा मंत्री झाला आणि तिथल्या राज्यघटनेचे पाय मोडण्याचाच त्याने विडा उचलला. चिडलेल्या लोकांनी त्याच्या आडनावाची दोन अक्षरे इकडची तिकडे केली आणि त्याला ‘हेसेनफ्लूख’ म्हणू लागले. म्हणजे हेसला लागलेला शाप! त्याच १८३७ सालात, जेव्हा त्याचे पहिले मंत्रिपद संपले, शेजारच्या हानोव्हरच्या राजाने राज्यघटना मोडली म्हणून सात प्राध्यापकांनी निषेध केला आणि नोकऱ्या गमावल्या. त्या सातांत दोघे ग्रिम बंधू होते. मेहुणा घटना मोडणारा आणि मेहुणे घटनेसाठी नोकरी सोडणारे. आडनावाचा अर्थ काहीही असो, माणूस ते कसे वागवतो त्यावर लोक त्याचा नवा अर्थ लावतात, हे मला तिथे समजले.

ही सारी हकीकत मी आबांना पत्राने कळवली. आमची बहीण पत्रे वाचून दाखवी. मी मोठ्या उत्साहाने लिहिले की इथे माझ्याच जातीचे एक घराणे निघाले आहे, त्यांचे आडनावच मुळी नांगरचुकार. आणि त्यांच्यात मंत्रीसुद्धा होऊन गेला! मनात असे होते की आबा हसतील. वीस वर्षांची अढी एका विनोदाने सुटेल.

उत्तर महिनाभराने आले. बहिणीच्या अक्षरात, आबांच्या शब्दांत. विहिरीने तळ गाठला होता. एक बैल विकला होता, दुसरा चाऱ्यावाचून गेला होता. आबा आणि धाकटा दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. रेशनवर परदेशची तांबडी मिलो मिळत होती आणि कामावर पोरांना सुकडी. तक्रारीचा सूर कुठेही नव्हता. शेवटी दोन ओळी होत्या. “तुझ्या त्या साहेबाच्या घराण्याचं कळलं. त्यांनी नांगर सोडला ते बरं केलं. पण तेवढं इचार, जमिनीचं काय केलं?”

ते पत्र घेऊन मी खिडकीशी बसलो. बाहेर पाऊस पडत होता. म्यूलरबाई कॉफी घेऊन आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पत्रात काय आहे ते विचारले. मी अर्थ सांगितला.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तुमचे वडील कोश लिहिणाऱ्यांपेक्षा शहाणे आहेत. नाव कुठून आले ते सगळेच विचारतात.”

मी त्या प्रश्नाला उत्तर पाठवले नाही. महिन्याला पैसे पाठवले. पैसे पाठवणे आणि उत्तर पाठवणे या दोन गोष्टी एकच आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. परत आलो तेव्हा आबांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. १९७९ साली ते गेले. सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावे लागली. बहिणीने आपला हिस्सा धाकट्याला सोडला. माझे नाव मात्र राहिले. धाकट्याने कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. शहरातल्या माणसाला गावच्या सातबाऱ्यावरचे आपले नाव फार गोड वाटते. कुणी विचारले की ‘गावी शेती आहे’ असे म्हणता येते. नांगर चुकवायचा आणि शेतकरीही म्हणवून घ्यायचे, असा हा दुहेरी लाभ!

मधल्या काळात जर्मनीत आडनावांचे शास्त्र फारच पुढे गेले. टेलिफोनच्या २००५ सालच्या नोंदी संगणकात घालून फ्रायबुर्ग आणि माइंट्स इथल्या विद्वानांनी आडनावांचा एक मोठा नकाशासंग्रह सिद्ध केला. त्या देशात साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावे निघाली. एकट्या म्यूलरांचेच टेलिफोन अडीच लाखांहून अधिक. उलट असंख्य आडनावे अशी की ती लावणारे एखाददुसरे घर! नकाशावर एकेका आडनावाचे ठिपके मांडले, की मोठी नावे सगळीकडे पसरलेली दिसतात. दुर्मिळ नावे मात्र पाचशे वर्षांनंतरही आपल्या मूळच्या मुलखाच्या आसपासच गोळा झालेली आढळतात. ठिपके जिथे दाट, तिथे त्या नावाचे पहिले घर शोधावे, असा या शास्त्राचा साधा नियम आहे. अर्थात १९४५ नंतर पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या लक्षावधी लोकांना तो लागू पडत नाही. त्यांचे ठिपके वाऱ्यावर उधळल्यासारखे झाले आहेत. हे नकाशे पाहताना माझ्या मनात येई, नांगर सोडून पळालेल्याचे नाव काय किंवा नांगर धरलेल्याचे काय, ते फारसे लांब जात नाही. मातीपासून पळणाऱ्याला वाटते आपण फार दूर आलो.

२०१४ साली धाकटा वारला. बाराव्यानंतर त्याचा मुलगा माझ्यापाशी येऊन बसला. चांगला पदवीधर झालेला, पण शेतीच करणारा. त्याने ठिबक घातले होते, डाळिंब लावले होते. आता शेततळ्यासाठी कर्ज हवे होते. चाचरत म्हणाला, “काका, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे. दरवेळी तुमची सही लागते. तुम्हांला त्रास.”

त्रास मला नव्हता, त्याला होता. पण त्याने शब्द तसे योजले. चांगल्या घरची मुले तसेच योजतात. माझ्या मुलांना मी पुण्याला फोन केला. त्यांचे म्हणणे पडले, “बाबा, जमीन आहे ती असू द्या. पुढे भाव येईल.” त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी तर नांगर पाहिलाही नव्हता; चुकवणार कसा?

रात्री ओसरीवर पडलो होतो. गोठ्यात आता बैल नव्हते, ट्रॅक्टर होता. आढ्याला आबांचा लाकडी नांगर टांगलेला होता. रुमणे हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. सुरुवातीला ते आबांच्या हाताने घासले गेले, मग एका अकरा वर्षांच्या पोराच्या. माझ्या हाताचा त्यात काही भाग नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही तालुक्याला गेलो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्राची नोंद झाली. कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, “आजोबा, पूर्ण नाव लिहा. आडनावासकट.” मी स्वतःचे नाव लिहिले, मग आबांचे, मग आडनाव. अंगठा उठवला. पुतण्या माझ्या पाया पडला आणि मी त्याला उठवले. बाहेर येऊन दोघांनी चहा घेतला.

जमीन कसणाऱ्याला दिली, आबा. पत्राचे उत्तर पाठवायला बेचाळीस वर्षे लागली, एवढेच.